कडू न होणारं पीठ

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागे हीच गोष्ट सांगत होतो तेव्हा एकाला असा ठसका लागला, की त्याची बायको माझ्यावरच उखडली. आणि माझी एक अट आहे. ही गोष्ट आमच्या बिल्डिंगपर्यंत जाता कामा नये. डोंबिवलीत तुमचं कोणी असेल तर त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगा, माझ्या टकलाचं सांगा, काय वाट्टेल ते सांगा. फक्त हे सांगू नका.

तर मी एक पीठ टिकवलं. बाजरीचं. आणि ते टिकवण्याच्या नादात आमच्या शैलाचं आणि मंदाताईंचं बोलणं बंद पाडलं!

मंदाताई कोण? तळमजल्यावरच्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला पहिला रंग लागला तेव्हापासून ह्या दोघींची मैत्री. आमची मुलगी लहान असताना शैलाला टायफॉइड झाला, तेव्हा मुलीचं जेवणखाण, वेणीफणी सगळं मंदाताईंनी केलं. पुढे मंदाताईंचे यजमान गेले, तेव्हा शैला कितीतरी दिवस खाली त्यांच्याकडेच झोपायला होती. आता त्यांचा मुलगा बंगळूरला आणि ह्या इथे एकट्या. माझ्याशी काय हो, "भावजी, पंखा आवाज करतोय" आणि "भावजी, मोबाइल बोलत नाही", एवढंच. पण शैलाशी त्यांचं जे काही होतं ना, ते माझ्या आणि शैलाच्या संसारापेक्षाही घट्ट होतं. हे मी बायकोसमोरही कबूल करतो.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे घोळ कसा झाला ते कळेल. मी एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. माल पास की नापास, एवढंच माझं आयुष्य. मी नापास म्हटलं की साहेबाच्या बापाची हिंमत नव्हती तो माल गेटबाहेर काढायची. रिटायर झालो आणि पास-नापास करायला काही उरलं नाही. मग मी घरातल्या वस्तू धरल्या. लोणच्याच्या बरण्या, मसाल्याचे डबे, गिझर. शैला म्हणायची, "अहो, तुम्ही कुठेतरी फिरायला जा ना!"

अशातच मी ठाण्याला गेलेलो. टेंभी नाक्याजवळ माझा मेहुणा राहतो, त्याच्याकडे. येताना एका हॉलमध्ये भरडधान्यांचं प्रदर्शन लागलेलं. फुकट अंबील मिळत होती म्हणून आत शिरलो, खोटं कशाला सांगू! तिथे एक मॅडम बाजरीवर बोलत होत्या. मी अंबिलीचा पेला हातात घेऊन उभा राहिलो आणि बाई जे सांगायला लागल्या, त्याने माझ्यातला क्वालिटी कंट्रोलवाला खडबडून जागा झाला.

त्यांचं म्हणणं असं. बाजरीचा दाणा नीट वाळवून ठेवला तर चांगला टिकतो. पण दळलात की संपलं. कारण दाण्याच्या पोटात तेल असतं आणि ते पचवणारा एक रसही असतो. दाणा अख्खा असतो तोवर दोघं आपापल्या खोलीत. दळताना मधली भिंत पडते. मग तो रस तेलाच्या मागे लागतो, त्यात हवा भर घालते, आणि बघता बघता पीठ कडू. उपाय काय? दळायच्या आधी बाजरी उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढायची, म्हणजे तो रस मरतो. मग खडखडीत वाळवायची, दळायची, हवा जाणार नाही अशा बरणीत भरायची. पीठ महिनोन्महिने गोड राहतं!

आता तुम्ही म्हणाल, एवढं उड्या मारण्यासारखं काय आहे त्यात? अहो, आमच्या घरी बाजरीच्या पिठाचा केवढा कारभार चालायचा! थंडीत आमच्याकडे बाजरी लागते. मंदाताई नगरकडच्या, त्यांना तर भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावरची प्रज्ञा, शाळेत शिकवते, तिच्या मुलांनाही आवडते. पण पीठ टिकत नाही, आणि गिरणीवाला मूठभर बाजरी दळून देत नाही. म्हणून ह्या तिघींनी नंबर लावलेले. ज्या घरचा नंबर, तिने तिन्ही घरांची बाजरी एकदम दळून आणायची आणि गरम पिठाचे डबे घरोघर पोचवायचे. थोड्या दिवसांनी दुसरीचा नंबर. कुणाच्याच घरी पीठ जुनं होत नाही.

आणि डबे! स्टीलचे, झाकणावर नावं कोरलेले. ते सारखे वर-खाली फिरत असायचे. कारण दिलेला डबा कुणी रिकामा परत करायचं नाही, हे तर तुम्हाला माहीत आहेच. पीठ घेतलं की डब्यातून कधी चार लिंबं जायची, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी कुंडीतला कढीपत्ता. काहीच नसलं तर चमचाभर साखर. ती साखर घेऊन शैला खाली जायची आणि तासाभराने वर यायची. चमचाभर साखर पोचवायला तासभर? मी मनात म्हणायचो, केवढा हा वेळेचा अपव्यय!

म्हणून मी ठरवलं, ह्या बायकांना ह्यातून सोडवायचं. त्यांनी सोडवायला सांगितलेलं का? नाही. पण माझ्यासारख्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

शैला तेव्हा ठाण्यात घोडबंदरला मुलीकडे राहायला गेलेली. मला मोकळं रान! बाजरी आणली, निवडली, पंच्यात बांधली, उकळत्या पाण्यात सोडली आणि मोबाइलवर सेकंद मोजत बसलो. पहिला घाणा जास्त वेळ राहिला, त्याची खिचडी झाली. ती मी दोन्ही वेळा मुकाट्याने खाल्ली. पुढचे जमले. मग गच्चीवर शैलाची नवी चादर अंथरली आणि बाजरी पसरली. कबुतरांचा थवाच्या थवा उतरला. त्यांनी माझा प्रयोग उडवू नये म्हणून मी दिवसभर छत्री घेऊन गच्चीवर. गच्चीत फिरायला येणारे विचारायचे, "काय काका, पापड का?"

"नाही, संशोधन."

त्यानंतर कुणी विचारेना.

बाजरी दाताखाली कडकन् फुटेल इतकी वाळली, तेव्हा दळून आणली. काचेच्या बरण्या धुऊन, वाळवून, त्यात पीठ दाबून भरलं. प्रत्येक बरणीला लेबल. त्यावर तयार केल्याची तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'खराब होण्याची तारीख : वाट पाहत आहोत'. मला माझंच इतकं कौतुक वाटलं, की लेबलाचा फोटो काढून मुलीला पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला, आईला काही सांगितलं नाही.

आता इथे नीट लक्ष द्या. मी घात केला तो इथे.

बरण्या पोचवायच्या होत्या. स्वयंपाकघरात बघितलं तर मंदाताईंचे दोन डबे, प्रज्ञाचा एक. म्हटलं, आता पीठ महिनोन्महिने टिकणार, म्हणजे हे डबे फिरायचं कारणच काय? ज्याचा माल त्याच्या घरी! मी ते डबे घासले. नुसते घासले नाहीत, चिंचेने लख्ख केले. उन्हात वाळवले. आणि एका हातात बरणी, दुसऱ्या हातात ते दोन चकचकीत रिकामे डबे घेऊन मंदाताईंच्या दारात उभा राहिलो.

"हे घ्या मंदाताई. तुमची बाजरीची कटकट संपली! हे पीठ कडू होत नाही. आणि हे तुमचे डबे. आता ने-आण बंद."

त्यांनी एका डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. मग दुसरा डबा उघडून बघितला. मला वाटलं, केवढे स्वच्छ घासलेत ते बघतायत.

"शैलाने सांगितलं?" त्यांनी विचारलं.

खरं म्हणजे शैलाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण मला वाटलं, सगळं श्रेय एकट्याने लाटणं बरं दिसत नाही. बायकोलाही थोडं द्यावं. म्हणून मी छाती काढून म्हटलं, "म्हणजे काय! आमचं दोघांचं ठरलंय."

"बरं," मंदाताई म्हणाल्या.

एवढंच. मी खूश होऊन वर प्रज्ञाकडे गेलो. ती घाईत होती, तिने बरणीही घेतली आणि डबाही घेतला. मी शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी. आत आमचे डबे, मंदाताईंकडून आलेले. तेही रिकामे. मला काय आनंद झाला! म्हटलं, बघा, पद्धत लगेच रुजली.

शैला ठाण्याहून आली. तिने पिशवी बघितली, डबे उघडले, पालथे करून बघितले.

"मंदाने रिकामे डबे पाठवले?"

"हो. बरं झालं ना? आपल्या वस्तू आपल्याकडे."

"काही म्हणाली?"

"काही नाही."

हे खोटं नव्हतं हो! त्या खरंच काही म्हणाल्या नव्हत्या. आणि मी आधी काय करून आलोय, हे सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. मी बरणी पुढे केली आणि बाजरीच्या पोटातलं तेल, रस, भिंत, सगळं तिला ऐकवलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष त्या डब्यांकडे होतं.

पुढे काय झालं ते मी नंतर जोडत गेलो. तेव्हा मला ओ की ठो कळलं नाही. मंदाताईंना वाटलं, शैलाला आपला कंटाळा आला, आणि हे सांगायला तिने नवऱ्याला पाठवलं. शैलाला वाटलं, आपण मुलीकडे जाऊन राहिलो तेवढ्यात मंदाने संबंध तोडला, कशावरून ते देव जाणे. ती दिवाळीपासूनची एकेक गोष्ट आठवायला लागली. आपण तिच्या अनारशांना नावं तर ठेवली नाहीत? मंदाताई खाली तेच करत होत्या. शैलाने भाजीला जायची वेळ बदलली. मंदाताईंनी संध्याकाळी बाकावर बसणं सोडलं. प्रज्ञा बिचारी मधे सापडली. ती शैलाशी जास्त बोलली तर मंदाताईंना वाईट वाटेल, मंदाताईंशी बोलली तर शैलाला, म्हणून ती दोघींनाही नुसती हसून पळायला लागली. त्यामुळे दोघींना वाटलं, प्रज्ञाही फुटली!

आणि मी काय करत होतो? दर रविवारी बरणी उघडून पीठ हुंगत होतो. चिमूटभर जिभेवर ठेवत होतो. गोड! पुन्हा पुढच्या रविवारी. गोड! घरात शैला गप्प गप्प असायची. मला वाटायचं, माझ्या यशाने भारावून गेली असणार. अहो, माणसाला स्वतःचं काहीतरी जमलं ना, की समोरच्याचा उतरलेला चेहराही त्याला कौतुकाचा दिसतो.

भोगी आली. शैलाने माझ्या पिठाच्या, तीळ लावलेल्या भाकऱ्या केल्या. भोगीची भाजी केली, वांगं, घेवडा, हरभरा, बोरं, सगळं घालून. भाकरी थापायला जरा नाजूक जात होती, गरम पाण्यात मळावी लागली, पण चव? एक नंबर. मी जेवताजेवता बघत होतो. तिने सवयीने दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, वाटीत भाजी घेतली, वर लोण्याचा गोळा ठेवला. मग दारापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. आणि परत येऊन तिने त्या भाकऱ्या पुन्हा टोपलीत ठेवल्या.

"अगं, मंदाताईंना द्यायच्या होत्या ना?"

"त्यांना आपलं काही लागत नाही आता."

त्यांना? एवढ्या वर्षांत शैलाने मंदाताईंना 'मंदा' आणि 'अगं'शिवाय दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. पहिल्यांदाच मला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

मी उठलो, जिन्यात आलो, तर वरून प्रज्ञा उतरत होती. तिला थांबवलं.

"प्रज्ञा, तुझ्या काकूंचं आणि मंदाताईंचं काही झालंय का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही मला विचारताय? काकूंनी मंदामावशींचे डबे रिकामे पाठवले ना तुमच्या हातून? मावशी रडल्या हो माझ्यापाशी. म्हणाल्या, तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"अगं पण ते... ते मी! मी नुसते घासून..."

"तुम्ही? रिकामे?" प्रज्ञाने कपाळाला हात लावला. "काका, अहो, निदान चिमूटभर साखर तरी!"

मी तिथेच पायरीवर बसलो. मग एकेक आठवायला लागलं. मंदाताईंचं "बरं". शैलाचं डबे पालथे करून बघणं. आयुष्यभर मी माल नापास केला, पण इतकी चांगली गोष्ट इतक्या झटक्यात नापास केलेली ही पहिलीच. आणि वर चिंचेने घासून!

तसाच खाली गेलो. मंदाताईंनी दार उघडलं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. एरवी "भावजी, बरे आलात, तो पंखा बघा" म्हणणारी बाई. आता नुसतं "या, बसा".

त्या जेवायलाच बसल्या होत्या. एकट्या. ताटात भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. समोर फळीवर माझी बरणी, तशीच, लेबलासकट, झाकणही उघडलेलं नाही. घरात आलेल्या माणसाला उपाशी ठेवतील तर त्या मंदाताई कसल्या? माझ्यासमोर चतकोर भाकरी आली. मी घास तोंडात टाकला.

कडू! अहो, कडू म्हणजे कसं सांगू, जुन्या तेलाच्या डब्याचं झाकण चाटावं तसं. आणि ही बाई ते मुकाट्याने खात होती.

"मंदाताई, हे पीठ कधीचं?"

"बरेच दिवस झाले. एकटीला कितीसं लागतं? आणि थोडं दळून देत नाही तो. मग पुरवते."

"कडू लागत नाही?"

"लागतं की." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण कुणाला सांगायचं?"

"मग माझी बरणी का नाही उघडलीत?"

"तुम्ही माझं काही ठेवून घेतलं नाहीत भावजी. मग मी तुमचं कसं घेऊ?"

मला रडू आलं हो. खरंच आलं. मी भाकरीचा घास पाण्याबरोबर गिळला आणि सगळं सांगून टाकलं. शैलाला काही ठाऊक नव्हतं, ती ठाण्याला होती, डबे मीच घासले, 'दोघांचं ठरलंय' हे मीच ठोकून दिलं. त्या ऐकत होत्या. मधे एकदा हसल्या, पदराने डोळे पुसले.

"म्हणजे तिलाही वाटलं की मी...?"

"हो ना!"

"वेडी आहे ती," त्या म्हणाल्या. मला वाटलं, चला, मिटलं! पण नाही. त्या पुढे म्हणाल्या, "जाऊ दे भावजी. गैरसमज होता, गेला. पण आता ते पिठाचं नकोच. तुमच्याकडे टिकतंय ना? मग मी जिने चढून डबा घेऊन यायचं, आणि तिने घरात पीठ असून माझ्यासाठी म्हणून ठेवून घ्यायचं. कशाला? गरज नसताना कुणाच्या दारात उभं राहू नये."

बघा, म्हणजे डब्यांचं मिटलं, पण पिठाचं राहिलं! माझं ते टिकणारं पीठ दोघींच्या मधे तसंच बसलेलं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं,

"कुठलं टिकतंय मंदाताई! कडू झालं!"

त्यांनी मान वर केली. "काय सांगता?"

"कडूजहर!"

"कधी?"

"परवाच."

"वास?"

"खवट."

"रंग?"

"रंग गेला. सगळा गेला."

"आणि किडे?"

आता किड्यांचा आणि ह्याचा काही संबंध आहे का? पण मी भरात आलेलो. "किडे तर विचारू नका. वळवळतायत!"

"अगंबाई!" मंदाताईंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही मी तो बघितला नव्हता. "मला वाटलेलंच! बाजरी आहे ती, अशी काचेत कोंडून राहते होय? थांबा, ही बरणी बघू." आणि त्या फळीकडे वळल्या.

मी उडी मारली. ह्या वयात, ह्या गुडघ्याने! त्यांनी झाकण उघडून चिमूट जिभेवर ठेवली असती तर संपलंच होतं. "नको! हात लावू नका! बाधेल!" असं ओरडत मी बरणी पोटाशी धरली आणि जिना चढत सुटलो. वाटेत प्रज्ञा भेटली. ती म्हणाली, "काका, काय झालं?" मी म्हटलं, "पीठ खराब झालं!" आणि वर गेलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मंदाताई. दोन जिने चढून धापा टाकत, हातात त्यांचा डबा, गिरणीतून थेट आलेला, झाकणाला वाफ धरलेली. शैला समोर उभी. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघतायत. मी सोफ्यावर पेपर उलटा धरून बसलेलो.

"शैला," मंदाताई म्हणाल्या, "अगं, तुझ्या नवऱ्याच्या पिठात किडे पडले म्हणे!"

शैला माझ्याकडे वळली. दुपारी तिने स्वतः त्याच पिठाची भाकरी केली होती, स्वतः खाल्ली होती, आणि "छान आहे हो" असंही म्हणाली होती. मी पेपरावरून फक्त डोळे दाखवले. त्या डोळ्यांत तिने काय वाचलं कुणास ठाऊक. तिने श्वास घेतला आणि म्हणाली,

"पडले ना! बाई, एवढाले! मी तर घाबरलेच."

आणि मग दोघी हसायला लागल्या. हसता हसता एकीने दुसरीच्या दंडाला धरलं, आणि मग हसणं राहिलं बाजूला. मी पेपर आणखी वर धरला. माझ्या डोळ्यांचंही तेव्हा काही खरं नव्हतं.

नंतर मी शैलाला सगळं सांगितलं. ती रागावली, यथेच्छ रागावली, आणि मग म्हणाली, "किडे कशाला सांगायचे पण?"

पण खरी मजा पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा धावत आली. चेहरा पांढराफटक. "काका, अहो, मी तर तुमची बरणी संपवली! मुलांना रोज डब्यात दिलं! काही होणार नाही ना?" मी तिला आत ओढलं, दार लावलं आणि खरं काय ते कानात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पीठ चांगलं होतं?" मी म्हटलं, "उत्तम होतं." ती म्हणाली, "मग मला अजून करून द्या ना!" मी हात जोडले.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये माझं नाव झालंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या दुरुस्तीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "काकांना विचारा, त्यांनी तिथे किडे पाळलेले." मंदाताई तर मला जिन्यात गाठून समजावतात, अगदी मनापासून. "वाईट वाटून घेऊ नका भावजी. तुम्ही ते रंगांचं केमिकल बघायचात ना, ते वेगळं. पिठातलं तुम्हाला नाही कळायचं." आणि मी, ज्याच्या सहीशिवाय कंपनीतून एक डबा हलत नव्हता तो मी, मान खाली घालून म्हणतो, "खरं आहे मंदाताई."

त्यांचं ताजं पीठ येतं, शैला त्याच्या भाकऱ्या करते, डबा भरून खाली जातो, शैलाही खाली जाते. किती वेळाने वर येते ते मी आता बघत नाही.

राहता राहिलं माझं पीठ. आमची बरणी आणि मंदाताईंकडून पळवून आणलेली बरणी, दोन्ही कपाटात मागच्या बाजूला, जुन्या पातेल्यांच्या आड. टाकून द्यायला जीव होत नाही. मी शैलाला विचारलं, "ह्याचं करायचं काय?"

"किती टिकेल ते?"

"होळीपर्यंत कुठे जात नाही."

"मग होळीपर्यंत तुम्हीच खा. मला मंदाचं संपवायचंय."

म्हणून सध्या मी रोज दुपारी माझ्या हाताने, वेड्यावाकड्या का होईना, दोन भाकऱ्या थापतो. गोड असतात हो, अगदी गोड! इतका यशस्वी प्रयोग मी कंपनीतही कधी केला नव्हता. पण बेल वाजली, की ताट उचलून आतल्या खोलीत जातो आणि दार लावून खातो.